'प्रकृती अस्वास्थ्यामुळे पुढील तारीख मिळावी' एवढ्याने भागत नाही

संपादक महोदय,

'अर्जदाराची प्रकृती अचानक बिघडल्याने आज रोजी कोर्टात हजर राहता येत नाही, तरी पुढील तारीख मिळावी, ही विनंती.' कुठल्याही तालुका न्यायालयात सकाळी अकराच्या सुमारास टेबलावर पडणाऱ्या मुदतीच्या, म्हणजे काम पुढे ढकलण्याच्या, अर्जांत हे वाक्य हमखास सापडते. अर्ज अर्ध्या पानाचा, वर कोर्ट फीचे तिकीट, खाली वकिलाची सही. आजार कोणता, कधी सुरू झाला, किती दिवस चालणार आणि त्यामुळे आजच्या कामातले नेमके काय अडते, यातले काहीच त्यात नसते. अर्ज मंजूर झाला की पक्षकाराला वाटते, डॉक्टरचा दाखला जोडला की तारीख मिळतेच. नामंजूर झाला की तोच पक्षकार बाहेर येऊन म्हणतो, कोर्टाला माणुसकी नाही. दोन्ही समज चुकीचे. त्यांचा भुर्दंड बसतो तो खरोखर अंथरुणाला खिळलेल्या माणसाला, कारण त्याचाही अर्ज याच गठ्ठ्यातला एक ठरतो.

मुदत मागण्याआधी पाहायचे ते हे, की त्या तारखेला काम काय ठेवले आहे. दाव्याचा सोळा आकडी-अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक) ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि टप्पा दोन्ही दिसतात. दिवाणी दाव्यात वकीलपत्र दाखल असेल तर पक्षकाराने दर तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात बसण्याची गरजच नसते. कागद हजर करणे, निशाणी 5 च्या (कोर्टाच्या फाइलमधल्या कागद क्रमांक 5 च्या) मनाई अर्जावर युक्तिवाद, वादाचे मुद्दे निघणे, विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराची उलटतपासणी, शेवटचा युक्तिवाद, ही सगळी वकिलाची कामे. अशा तारखेला 'पक्षकार आजारी' म्हणून मुदत मागितली की न्यायाधीश सरळ विचारतात, 'पक्षकार आजारी आहेत, तुम्ही तर उभे आहात ना?' या प्रश्नाला उत्तर नसते. कैफियतीवर (प्रतिवादीच्या लेखी उत्तरावर) मात्र पक्षकाराची सही, सत्यापन आणि सोबत प्रतिज्ञापत्र लागते. तरी तेवढ्यासाठी माणसाला कोर्टात आणायला नको. मसुदा घरी वाचून दाखवता येतो आणि नोटरीला घरी किंवा दवाखान्यात बोलावता येते.

पक्षकाराच्या आजाराने काम खरोखर अडते ते मोजक्या प्रसंगी: त्याची स्वतःची उलटतपासणी असेल, न्यायालयाने जातीने हजर राहायला सांगितले असेल, कौटुंबिक न्यायालयात समुपदेशन किंवा मध्यस्थीची बैठक असेल, तडजोडीवर सह्या व्हायच्या असतील, किंवा त्याने वकीलच दिलेला नसेल. अर्जात यातले कारण स्पष्ट लिहावे. 'आज वादीची उलटतपासणी नेमली आहे, वादी स्वतः साक्षीदार आहे आणि त्याच्याऐवजी दुसरे कोणी उत्तरे देऊ शकत नाही' हे एक वाक्य आले, तर अर्जाचे निम्मे काम झाले.

हा काटेकोरपणा लागतो, कारण मुदती मोजून मिळतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 17 नियम 1 मध्ये 1 जुलै 2002 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने, दाव्याच्या सुनावणीत एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी (म्हणजेच मुदत) देऊ नये असे घातले. मुदत देताना कारणे लेखी नोंदवायची आणि खर्चाचा हुकूमही करायचा. वकील दुसऱ्या कोर्टात अडकला हे कारण चालत नाही. वकीलच आजारी असेल तर त्याच्या जागी वेळेत दुसरा वकील देणे पक्षकाराला शक्य नव्हते, याची न्यायालयाची खात्री पटवावी लागते. त्यातही साक्षीदार हजर असून तुमचा वकील तपासायला तयार नसेल तर न्यायालय साक्षीदाराचा जबाब नोंदवून उलटतपासणीशिवाय पुढे जाऊ शकते. कोर्टाच्या बोलीत याला 'नो क्रॉस' म्हणतात आणि तो हुकूम उठवून घेताना नाकी नऊ येतात.

तीन मुदती संपल्यानंतर खरा आजार आला तर? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशनच्या 2005 च्या निकालात दिले आहे. पक्षकाराला गंभीर आजाराने अचानक रुग्णालयात दाखल करावे लागले, मोठा अपघात झाला, अशी कारणे त्याच्या आवाक्याबाहेरची असतात. तेथे केवळ तीनचा आकडा संपला म्हणून मुदत नाकारता येत नाही. म्हणजे चौथी मुदत मिळू शकते. पण आधीच्या तिन्ही कशा खर्च झाल्या ते रोजनाम्यात, म्हणजे दर तारखेच्या कामाच्या नोंदीत, लिहिलेले असते आणि न्यायाधीश आधी तेच पान उघडतात. पहिली मुदत कागद मिळाले नाहीत म्हणून, दुसरी वकील बाहेरगावी म्हणून, तिसरी 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे'. मग चौथ्या वेळी हृदयविकाराचा झटका आला तरी तो संशयाच्या रांगेत उभा राहतो.

आता दाखला. या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. नेहमी येतो तो दाखला असा: लेटरहेडवर पेनाने लिहिलेले नाव, 'व्हायरल फिव्हर', 'पाच दिवस विश्रांतीचा सल्ला', खाली न वाचता येणारी सही आणि अर्धवट उमटलेला शिक्का. यातून माणूस आजारी होता एवढे कळेल. तो कोर्टात का येऊ शकत नाही, हे कळत नाही. रक्तदाब आणि साखर तर कोर्टात बसलेल्या निम्म्या लोकांना असते, मंचावर बसलेल्यांनाही असेल. तेव्हा आजाराच्या नावापेक्षा त्यामुळे आलेली मर्यादा लिहून घ्यावी. डॉक्टरांना नुसते 'कोर्टासाठी सर्टिफिकेट द्या' म्हणू नये. 'मला अमुक तारखेला तीस किलोमीटर एसटीने जाऊन, दोन-तीन तास उभे राहून प्रश्नांची उत्तरे द्यायची आहेत, ते जमेल का, नसेल तर किती दिवस नाही, एवढे लिहून द्या' असे सांगावे. चांगला दाखला साधारण असा वाचता येतो: 'रुग्णाच्या उजव्या मांडीच्या हाडावर अमुक तारखेला शस्त्रक्रिया झाली आहे. त्या दिवसापासून सहा आठवडे उजव्या पायावर भार देऊ नये व लांबचा प्रवास करू नये, असा सल्ला दिला आहे. रुग्ण शुद्धीवर असून पडल्या-पडल्या बोलू शकतो.' शेवटचे वाक्य घालायला लोक घाबरतात, मुदत नाकारतील म्हणून. उलट त्यानेच दाखल्यावर विश्वास बसतो, शिवाय पुढे घरी साक्ष नोंदवायची वेळ आली तर तेच उपयोगी पडते.

दाखला देताना डॉक्टरांनी काय करायचे हेही ठरलेले आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहिता विनियमांनुसार दाखल्यांची नोंदवही ठेवायची, दाखल्याची प्रत जवळ ठेवायची, रुग्णाची सही किंवा अंगठा, पत्ता आणि निदान एक ओळखखूण नोंदवायची, आणि दाखल्यावर नोंदणी क्रमांक द्यायचा. रजेच्या दाखल्याचा जो नमुना त्या विनियमांना जोडला आहे त्यात रुग्णाची सही डॉक्टरांसमोर घ्यायची असते. कोर्टासाठीही तोच साचा वापरावा. नोंदणी क्रमांक नसलेला, रुग्णाची सही नसलेला दाखला विरुद्ध बाजूचा वकील पहिल्या मिनिटात फाडतो. म्हणजे कागद नव्हे, त्याचे वजन.

बारीकसारीक चुकांनीही खरे दाखले वाया जातात. दाव्यात नाव आधार कार्डाप्रमाणे, दाखल्यात गावात हाक मारतात ते 'बाळासाहेब'. पाच दिवसांची विश्रांती सोमवारपासून मोजली आणि तारीख निघाली पुढच्या सोमवारची. दाखल्यावरची तारीख सुनावणीच्या दुसऱ्या दिवसाची. कंबरेच्या मणक्याचा आजार आणि दाखला त्वचारोगतज्ज्ञाचा. मूळ कागदाऐवजी व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोची प्रिंट, तिच्यात खालचा शिक्का कापला गेलेला. म्हणून दाखला हातात पडला की तिथेच काउंटरवर नाव, वय, तारखा आणि कालावधी दाव्याच्या कागदाशी ताडून पाहावा. सोबत दाखल झाल्याची नोंद, केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले जोडावीत, पण झेरॉक्स. मूळ डिस्चार्ज कार्ड मेडिक्लेमला लागते आणि कोर्टाच्या फाइलमधून कागद परत घेणे म्हणजे वेगळा अर्ज, वेगळी खेप. रुग्णालय कागद देत नसेल तर याच विनियमांत मागणी केल्यापासून 72 तासांत वैद्यकीय नोंदी द्याव्यात असे म्हटले आहे. मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी. आजार चारचौघांत सांगण्यासारखा नसेल तर दाखला बंद पाकिटात देण्याची परवानगी त्याच अर्जात मागावी. अशी विनंती कोणी करत नाही आणि मग एखाद्या बाईच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेची चर्चा भर कोर्टात होते.

अर्ज केव्हा द्यायचा? आजार आदल्या दिवशी कळला असेल तर आदल्या दिवशीच विरुद्ध वकिलाला प्रत पाठवावी. त्याचा साक्षीदार पुण्याहून किंवा मुंबईहून निघणार असेल तर तो थांबतो, आणि उद्या खर्चाचा हुकूम झाला तरी आकडा लहान राहतो. अर्ज पुकारा होण्याआधी, म्हणजे प्रकरणाचे नाव पुकारण्याआधी, टेबलावर गेला पाहिजे. पुकारा होऊन 'वादी व वकील गैरहजर' असे रोजनाम्यात पडल्यावर दिलेल्या अर्जाला अर्थ उरत नाही. न्यायाधीश अर्जावर 'विरुद्ध बाजूचे म्हणणे' असा शेरा मारतात, ते म्हणणे त्याच कागदावर येते, मग हुकूम. अर्जाला निशाणी पडली की नाही, हुकूम काय झाला, पुढची तारीख कोणती आणि खर्च लावला का, हे त्याच दिवशी पाहून घ्यावे. वकील दिलेला नसेल तर घरच्या कोणीतरी पक्षकाराच्या सहीचा अर्ज घेऊन जावे आणि पुकाऱ्याला उभे राहून फक्त अर्ज द्यावा. मुलाला बापाच्या वतीने युक्तिवाद करण्याचा हक्क नाही. अर्ज देऊ द्या, एवढी विनंती मात्र सहसा ऐकली जाते.

अर्जात 'पुढील तारीख' मागू नये, कालावधी मागावा. सहा आठवड्यांची विश्रांती असताना नुसती तारीख मागितली तर पंधरा दिवसांनंतरची मिळते, त्या दिवशी पुन्हा अर्ज, म्हणजे एकाच आजारात दोन मुदती खर्च. 'अमुक तारखेनंतरची तारीख नेमावी, त्या दिवशी वादी उलटतपासणीस हजर राहील' असे लिहावे आणि ते पाळावे.

खर्चाबद्दल लोक फार बेफिकीर असतात. पाचशे-हजार रुपयांचा हुकूम होतो, पक्षकाराला वाटते निकालाच्या वेळी बघू. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 35-ब खाली असा खर्च लावला असेल तर तो पुढच्याच तारखेला भरणे ही दावा किंवा बचाव पुढे चालवण्याची पूर्वअट असते. वादीने नाही भरला तर वादीचा दावा अडतो, प्रतिवादीने नाही भरला तर त्याचा बचाव. आजारातून उठून माणूस कोर्टात येतो आणि उभे राहिल्यावर कळते, खर्च भरलेला नाही म्हणून साक्ष घेता येणार नाही. पैसे विरुद्ध वकिलाने स्वीकारले तर त्याची सही असलेली पावती घ्यावी. त्याने घ्यायला नकार दिला तर कोर्टात भरण्याची परवानगी मागावी.

हे झाले दहा-पंधरा दिवसांच्या किंवा दोन महिन्यांच्या दुखण्याबद्दल. अर्धांगवायू, डायलिसिस, कर्करोगाचे उपचार, नव्वदीतले म्हातारपण, यांत मुदत मागत राहणे हा उपायच नव्हे. डायलिसिसवरचा रुग्ण आठवड्यातून दोन-तीन दिवस रुग्णालयात असतो, म्हणून त्याच्या वकिलाने उलट डायलिसिस नसलेला वार मागावा. माणूस हलूच शकत नसेल तर आदेश 26 नियम 1 खाली कोर्ट कमिशनर नेमून घरी किंवा रुग्णालयात साक्ष नोंदवता येते. या नियमाच्या स्पष्टीकरणात एक मोठी सोय आहे: नोंदणीकृत डॉक्टरची सही दिसणारा दाखला, डॉक्टरला साक्षीला न बोलावता आजाराचा पुरावा म्हणून न्यायालय स्वीकारू शकते. सरतपासणी (साक्षीदाराने आपल्या बाजूने दिलेली पहिली साक्ष) आता प्रतिज्ञापत्रावर असते, म्हणून कमिशनरसमोर प्रत्यक्षात फक्त उलटतपासणी उरते. कमिशनरची फी न्यायालय ठरवते आणि सहसा अर्ज करणाऱ्याला आधी भरावी लागते. प्रश्नाला हरकत आली तर कमिशनर निर्णय देत नाही. हरकत आणि उत्तर दोन्ही लिहून घेतो, निर्णय न्यायाधीशांचा. कमिशन निघाल्यापासून 60 दिवसांत अहवाल द्यायचा असतो, मुदत वाढवायची तर न्यायालयाने कारण नोंदवून वाढवायची. साक्षीच्या खोलीत रुग्णाखेरीज नातेवाईक नकोत. सून पाण्याचा ग्लास देताना 'नाही म्हणा' असे पुटपुटली, तर तेवढ्यावर विरुद्ध बाजू पूर्ण साक्ष उडवायला बघते. कमिशनरला साक्षीदाराच्या वागण्याबोलण्याबद्दल शेरा मारण्याचा अधिकार आहे आणि तो शेरा अहवालात जातो.

दुसरा मार्ग व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा. महाराष्ट्रातल्याच एका फौजदारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2003 साली अशी साक्ष घेता येते असा निकाल दिला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचे त्याबद्दलचे नियमही आहेत. रुग्णालयातून साक्ष द्यायची असेल तर तिथल्या अधीक्षकांनी किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीने समन्वयक म्हणून बसायचे असते, म्हणून रुग्णालयाची लेखी संमती आधी मिळवावी. ओळखपत्र जवळ असावे. ज्या कागदांवर प्रश्न येणार त्यांच्या प्रती निशाणी क्रमांक घालून रुग्णाजवळ आधी पोचलेल्या असाव्यात. आदल्या दिवशी त्याच खोलीतून जोडणी तपासावी, कारण अतिदक्षता विभागाबाहेरच्या बोळात नेट मिळते आणि खाटेपाशी मिळत नाही, असे होतेच.

मुखत्यारपत्राबद्दल एक गैरसमज आहे. वडील आजारी, मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र केले, आता मुलगा साक्ष देईल, असे नाही. मुखत्यार दावा चालवू शकतो, त्याने स्वतः केलेल्या व्यवहारांबद्दल बोलू शकतो, पण वडिलांनी जे केले आणि जे फक्त त्यांनाच माहीत, त्याबद्दल त्यांच्याऐवजी शपथेवर सांगू शकत नाही. जानकी भोजवानी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ सांगितले आहे. आणि स्मृतिभ्रंशासारख्या आजाराने वडिलांना आपले हित कळेनासे झाले असेल तर मुखत्यारपत्राचाही आधार पुरत नाही. तेथे आदेश 32 नियम 15 प्रमाणे न्यायालयाने चौकशी करून हितचिंतक किंवा पालक नेमावा लागतो. ते न करता दावा तसाच पुढे ढकलत नेला तर पुढचा हुकूमनामाच (दाव्यातला अंतिम आदेशच) धोक्यात येतो. अशा माणसाचे आरोग्य अजून बरे असताना त्याची साक्ष आधीच नोंदवून ठेवण्याची तरतूद आदेश 18 नियम 16 मध्ये आहे. आजाराचे निदान झाल्याबरोबर त्या दिवसाचा विचार करणारा वकील विरळा.

एक ठिकाण असे आहे जिथे आजारही उपयोगी पडत नाही. व्यावसायिक न्यायालयातल्या दाव्यात समन्स बजावल्यापासून 120 दिवसांत कैफियत दाखल झाली नाही तर हक्कच संपतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ठरवले आहे. साध्या दाव्यातली 90 दिवसांची मर्यादा एवढी कडक धरली जात नाही.

फौजदारी खटल्यात सगळे बदलते. तेथे आरोपीने हजर राहायचेच असते आणि त्याचा अर्ज मुदतीचा नसतो, गैरहजेरी माफीचा असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 355 खाली, वकील हजर असेल तर न्यायालय आरोपीच्या अनुपस्थितीत काम चालवू शकते. 1 जुलै 2024 पूर्वी सुरू झालेल्या खटल्यांत जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 317 लावले जाते. म्हणून अर्जात लिहावे की वकील साक्षीदार तपासायला तयार आहेत आणि साक्षीदाराने आरोपीला ओळखण्याबद्दल आजच्यापुरता वाद नाही. नुसता माफीचा अर्ज देऊन वकिलानेही साक्षीदार परत पाठवायला सांगितले, तर तो अर्ज नामंजूर होण्याच्याच लायकीचा असतो. दोषारोप ठेवणे, आरोपीचा जबाब आणि निकाल या दिवशी न्यायालये माफी द्यायला नाखूश असतात, तेव्हा रुग्णालयात दाखल असल्याचाच कागद लागतो. अर्जच आला नाही तर आधी सहसा जामीनपात्र, मग अजामीनपात्र वॉरंट, आणि ज्या बिचाऱ्या मेव्हण्याने जामीन राहायचे कबूल केले त्याला नोटीस. वॉरंट निघाल्याचे कळताच पोलीस येण्याची वाट न पाहता स्वतः हजर होऊन रद्द करून घ्यावे. नव्या संहितेच्या कलम 346 मध्ये, पक्षाच्या आवाक्याबाहेरच्या कारणासाठीसुद्धा विरुद्ध बाजूचे ऐकून आणि कारणे नोंदवून दोनपेक्षा जास्त तहकुब्या नाहीत असे आता लिहिले आहे.

फिर्यादी आजारी पडला तर तो आरोपीपेक्षा जास्त अडचणीत येतो, हे चेक न वटल्याच्या केसेस करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. समन्स खटल्यात, म्हणजे अशा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांच्या खटल्यात, फिर्यादी गैरहजर राहिला तर आरोपी निर्दोष सुटतो. जुन्या कलम 256 मध्ये हे त्याच तारखेला होऊ शकत होते, नव्या कलम 279 मध्ये फिर्यादीला 30 दिवसांची सवड देण्याची अट आली आहे. तो हुकूम झाला की त्याच दंडाधिकाऱ्याकडे पुन्हा अर्ज करून काही होत नाही, वर जावे लागते. वकील हजर असेल तर फिर्यादीची हजेरी माफ करण्याची सोय त्याच कलमात आहे. तो अर्ज पहिल्याच दुखण्याला द्यावा.

तारीख हुकलीच तर घड्याळ लगेच सुरू होते. वादी गैरहजर म्हणून दावा काढून टाकला असेल तर आदेश 9 नियम 9 खाली 30 दिवसांत अर्ज करायचा. प्रतिवादीविरुद्ध एकतर्फा हुकूमनामा झाला असेल तर नियम 13, मुदत तीच. नुसता 'एकतर्फा चालवावे' असा हुकूम झाला असेल आणि दावा अजून चालू असेल तर नियम 7 खाली पुढच्या तारखेलाच अर्ज द्यावा, हे सर्वांत सोपे असते आणि तेच लोक टाळतात. तीस दिवस उलटले तर मुदत कायद्याच्या कलम 5 खाली विलंब माफीचा वेगळा अर्ज लागतो. तिथे मात्र पंधरा दिवसांचा दाखला चाळीस दिवसांच्या विलंबाला पुरत नाही. उरलेल्या पंचवीस दिवसांचे काय, हा प्रश्न येणारच. मधल्या काळातल्या तपासण्या, औषधांची बिले, फिजिओथेरपीची कार्डे तारखेच्या क्रमाने लावून तो काळ भरून काढावा लागतो.

विरुद्ध बाजूला दाखला खोटा वाटत असेल तर नुसता आरडाओरडा करून उपयोग नाही. डॉक्टरला नोंदवहीसह साक्षीला बोलवावे किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांकडून तपासणी व्हावी, असा अर्ज द्यावा. खोटा दाखला देणे आणि तो खरा म्हणून वापरणे हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 234 आणि 235 खाली गुन्हे आहेत, आणि डॉक्टरचे नाव नोंदवहीतून काढले जाऊ शकते. 'काय फरक पडतो, एक दाखला तर द्यायचाय' म्हणणाऱ्या डॉक्टरांनाही हे माहीत असावे. फेसबुकवर त्याच दिवसाचा हळदीतला नाचतानाचा फोटो सापडलेला पक्षकार उरलेल्या सगळ्या दाव्यात खोटारडाच ठरतो, त्याची बाजू कितीही खरी असो.

सूचना एवढीच. प्रत्येक जिल्हा आणि तालुका न्यायालयाच्या आवारात विधी सेवेची खिडकी असते. तिथे एका पानाचा छापील मराठी नमुना ठेवावा. वरच्या अर्ध्यात अर्ज: दाव्याचा क्रमांक, आजचे काम, आजाराने त्यातले काय अडते, किती दिवस, पर्याय म्हणून कमिशन, व्हिडिओ की सोयीचा वार. खालच्या अर्ध्यात डॉक्टरांसाठी जागा: नोंदणी क्रमांक, रुग्णाची सही, ओळखखूण, तपासल्याची तारीख, आणि तीन प्रश्न, प्रवास करू शकतो का, बसू शकतो का, बोलू शकतो का. हाच कागद ग्रामीण रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागातही ठेवला तर डॉक्टरांनाही काय लिहायचे ते विचारावे लागणार नाही. छपाईचा खर्च पानामागे रुपया-दीड रुपया येईल.

आपला,
दिवाणी व फौजदारी न्यायालयांत काम करणारा एक तालुका वकील